मनगटातली रेघ

१४ नोव्हेंबर २००६, मंगळवार

सकाळपासून गुडघे आणि छात्याच. एक्स-रे सेंटर बंद करून जेवायला निघणार तेवढ्यात उत्तनजवळच्या पालीहून एक बाई आली. रेजिना. पस्तिशीची असेल. उजवा हात डाव्या हातात धरलेला, ओठ दाबलेले. बोंबील सुकत घालायच्या बांबूवर चढली होती, दोरी सुटली, पडली ती सरळ हातावर. हातात डॉ. दळवींची चिठ्ठी: मनगट, दोन बाजूंनी. बाकी काही नाही.

टेक्निशियन सावंतने फिल्म काढल्या. दोन्ही स्वच्छ. रिपोर्ट लिहायला घेतला, पण मन घेईना. उठून बाहेर बाकावर गेले, तिचा हात मांडीवर घेतला. अंगठ्याच्या मुळाशी खळगा पडतो, ज्यात पूर्वीची माणसं तपकीर घ्यायची, तिथे नुसतं बोट टेकवलं. बाई बाकावरून उठलीच.

"मॅडम, तुमी डाक्टर हाय का पोलीस?"

मनगट करंगळीकडे कलवून तिसरी फिल्म काढायला लावली. चिठ्ठीत नव्हती. स्कॅफॉइडच्या, म्हणजे त्या खळग्याखालच्या छोट्या हाडाच्या, कमरेत एक रेघ आहे असं वाटतं. केसाएवढी. भिंगातून दिसते, भिंग काढलं की जाते. पुन्हा धरलं, पुन्हा आहे.

लिहिलं: फ्रॅक्चर निश्चित दिसत नाही, पण स्कॅफॉइडच्या फ्रॅक्चरचा संशय आहे. दोन आठवड्यांनी पुन्हा फिल्म काढावी. तोवर हात स्थिर ठेवावा.

हात कसा ठेवावा हे सांगणं माझं काम नाही. तरी लिहिलं.

१५ नोव्हें., बुध

दळवींचा फोन, अपेक्षेप्रमाणे. मीरा रोडला इमारतींपेक्षा मिठागरं जास्त होती तेव्हापासून इथे हाडं बसवतायत. बेव्हर्ली पार्कात मी सेंटर टाकलं त्या दिवशी पहिला पेशंट त्यांनीच पाठवला होता, आजही निम्मे त्यांचेच. त्यामुळे आवाजात थोडा सासरेपणा.

"अहो मॅडम, फ्रॅक्चर आहे की नाही?"

"सांगता येत नाही, सर. संशय आहे."

"मला हवामान खात्याचा अंदाज नको. रेघ दिसते की दिसत नाही?"

"भिंगातून दिसते."

"भिंगातून मला चंद्रावरचा ससापण दिसतो."

त्यांनी क्रेप बँडेज बांधून, गोळ्या देऊन घरी पाठवलंय. म्हणाले, बाई हातावर पोट भरते, तुमच्या संशयापायी तिला ऐन हंगामात प्लास्टरमध्ये घालू का?

हे बोलणं मूर्खपणाचं नाही, म्हणूनच जास्त झोंबलं. दळवी चांगले सर्जन आहेत. माझ्या आईचा खुबा त्यांनीच बसवला. पण पहिल्या फिल्ममध्ये स्कॅफॉइडची रेघ लपून राहते हे त्यांना ठाऊक नाही असं थोडंच आहे? ठाऊक आहे. त्यांना फक्त ते लिहिलेलं नको असतं.

१७ नोव्हें., शुक्र

रेजिना आज स्वतःच आली. हात सुजलेला, बँडेज मळकं. रिपोर्ट पुढे टाकला.

"ते डाक्टर म्हनतात कायच न्हाय. तुमच्या कागदावर तं बराच काय लिवलाय. हाड मोडलाय का न्हाय?"

नियम असा की मी सांगायचं नाही. पेशंट दळवींचा. फिल्म माझी, पेशंट त्यांचा. हा नियम मी आजवर पाळत आलेय.

सांगितलं. काजूएवढं हाड असतं, त्याला रक्त एकाच टोकाकडून येतं. मोडलं आणि कळलं नाही तर दुसरं टोक हळूहळू मरतं. मग आयुष्यभर मनगट.

"म्हंजे मोडलाय."

"माहीत नाही."

"मंग प्लास्टर क्याला?"

"माहीत नाही म्हणूनच."

बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मासळी बाजारात बायका मासा बघतात तसं, कल्ले उचलून. मग म्हणाली, द्या चिठ्ठी. प्लास्टरसाठी माझ्या सहीची चिठ्ठी दिली. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने अंगठ्यासकट प्लास्टर घातलं, असं तिथून तिने सावंतला फोनवर कळवलं.

दळवींना मीच फोन केला. तुमच्या पेशंटला मी प्लास्टर घालायला सांगितलंय. लपवून करायचं नव्हतं.

"बरं," म्हणाले. फोन ठेवला.

१९ नोव्हें., रवि

शशांकशी वाजलं. पोहे खाताना सहज सांगितलं तर बशी बाजूला ठेवली त्याने.

"त्यांचा पेशंट, त्यांचा निर्णय. तू फोटो काढणारी."

फोटो काढणारी. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि फोटो काढणारी. मी म्हटलं फोटो सावंत काढतो, मी वाचते. तो म्हणाला तेच ते. विम्याच्या ऑफिसात क्लेमच्या टेबलावर बसतो. म्हणाला, आमच्याकडे संशयावर कुठलाही क्लेम पास होत नाही शुभा, एक काहीतरी ठरवून लिहावं लागतं. मी म्हटलं, क्लेम नाहीये तो, बाईचा हात आहे.

पिशवी घेऊन भाजीला गेला. आणलेली मेथी दिवसभर ओट्यावर तशीच. ना त्याने निवडली ना मी.

२३ नोव्हें., गुरु

दळवींकडून या आठवड्यात कुणी नाही. हाटकेशला नवीन सेंटर निघालंय, तिकडे जातायत. तिथले रिपोर्ट म्हणे एका ओळीत असतात. सावंत फिल्मच्या कॅसेटी पुसून पुसून चकचकीत करतोय. बोलत काही नाही, पण त्या पुसण्यात बोलणं आहे.

हाटकेशवाल्याचा एक रिपोर्ट बघायला मिळाला. 'हाडाला इजा नाही.' पूर्णविराम. काय सुंदर वाक्य आहे. मलाही येतं लिहायला.

नाही लिहिणार.

२६ नोव्हें., रवि

पालीला जाऊन आले. श. अबोल्यातच स्कूटर काढून उभा राहिला. म्हटलं नव्हतं मी. उत्तनपर्यंत गेलो, पुढे गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून दुसरी गाडी आली तर एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. वास आधी आला, मग घर.

रेजिना बोंबील लावत होती. प्लास्टरच्या हाताने. बांबूच्या आडव्या दोरीवर दोन-दोन बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगायचे, डाव्या हाताने टांगते आणि उजव्याने दोरी ओढून धरते. प्लास्टरची कड भिजून भाकरीच्या पिठासारखी मऊ झालेली. अंगठा मोकळा हलतोय.

मी चिडले. हे प्लास्टर आहे की शोभेचं, असं काहीतरी बोलले. तिने हातातलं काम थांबवलंसुद्धा नाही.

"मासा आज सुकला न्हाय तं उद्या कुजल. तुमचा हाड दोन आठवड्यांनी कलेल. मासा आजच कलतो."

सासू चहा घेऊन आली. तिने मला विचारलं, हात जाईल का हो हिचा? नवरा बोटीवर, पोरं लहान. मी म्हटलं, हलवला नाही तर नाही जाणार. सासूने सुनेकडे बघितलं, सून दोरीकडे.

येताना श.ने सुके बोंबील घेतले. आयुष्यात पहिल्यांदा. वाटेत म्हणाला, बाई तुझ्यासारखीच आहे. कौतुक की काय ते विचारलं नाही.

१ डिसेंबर, शुक्र

प्लास्टर कापलं. फिल्म काढल्या, तिन्ही बाजूंनी. सावंतच्या पाठोपाठ मीपण डार्करूममध्ये. लाल दिव्यात ओली फिल्म धरून बघितली. मग वाळवून बघितली. भिंगाने, भिंगाशिवाय, चष्मा काढून.

रेघ नाही.

मोडलेलं असतं तर एव्हाना कडा विरघळून रेघ रुंद झाली असती, आंधळ्यालाही दिसली असती. काही नाही. जुनी फिल्म शेजारी लावली. आज जुन्या फिल्मवरपण ती मला नीट सापडेना. त्या दिवशी मी बघितली की मला बघायची होती?

रिपोर्ट: फ्रॅक्चर दिसत नाही.

बाहेर जाऊन तिला सांगितलं. तिचा हात फिकट, सुरकुतलेला. जुना चुना लागल्यासारखा.

"मोडला नव्हता?"

"नाही. आता म्हणता येईल, नव्हता."

"मंग मना बांधून क्याला ठेवलाव? ते डाक्टर पयलेच बोलले व्हते."

माझ्याकडे उत्तर होतं. मोठं, बरोबर, पुस्तकातलं. दिलं नाही. अजून दुखतंय का विचारलं. म्हणाली दुखतंय, पन तुमाला त्याचा काय. आता खळग्यात कमी, मनगटाच्या पाठीवर जास्त. नीट तपासायला हात पुढे केला तर तिने आपला मागे घेतला. फिल्मचं पाकीट काखेत मारून गेली.

४ डिसें., सोम

तीन दिवस स्वतःशी भांडतेय. निकाल लागत नाही.

माझ्या कागदामुळे बाईचा हात भर हंगामात बांधला गेला. खरं आहे. (अर्धाच बांधला गेला, तिच्या हट्टामुळे. तेही खरं.) पण त्या दिवशी, त्या सुजलेल्या हातावर, त्या फिल्मवर मला जे माहीत होतं, तेवढ्यावर दुसरं काय लिहायचं? 'इजा नाही' लिहून बरोबर ठरले असते. तुक्का लागून बरोबर ठरणं म्हणजे बरोबर असणं नव्हे. हे वाक्य श.ला ऐकवलं. तो म्हणाला, हरलेला बॅट्समन असंच बोलतो.

उद्या तशीच बाई आली तर तेच लिहीन. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

१० डिसें., रवि

डॉक्टरांच्या असोसिएशनची महिन्याची बैठक, भाईंदरच्या हॉलवर. समोसे, चहा, औषध कंपनीच्या पिशव्या. नेहमीचं. शेवटी दळवी उठले. पाकिटातून रेजिनाच्या फिल्म काढल्या. तिच्याकडून मागून आणल्या होत्या. जुनी आणि नवी शेजारी शेजारी लावून दिवा लावला.

"इथे कुणाला रेघ दिसत असेल तर दाखवा. मी म्हातारा झालो, मला दिसत नाही."

माझं नाव घेतलं नाही. गरज नव्हती. काही जण वाकून बघून आले. कान-नाक-घशाचे एक म्हणाले, मला तर हाडच दिसत नाही. हशा. दळवी म्हणाले, हसण्यावारी नेऊ नका, या रेघेने एका बाईचा हात प्लास्टरमध्ये गेला. आपण घाबरून रिपोर्ट लिहायला लागलो तर पेशंटने कुणाकडे बघायचं?

मी उठले.

"फिल्म माझी आहे. रिपोर्ट माझा आहे. रेघ नव्हती, हे आज मलाही दिसतंय. पुन्हा अशीच फिल्म आली तर हाच रिपोर्ट लिहीन."

मग तोंडातून निघून गेलं ते असं: आपण सगळेच रोज मनगटं वाचतो. किती बरोबर वाचतो, कुणी बघितलंय का? नावं झाकून फिल्म लावू. सगळ्यांनी लिहायचं. सरांनी, मी, सगळ्यांनी.

डॉ. नफीसा सेक्रेटरी. नया नगरला फॅमिली डॉक्टर. कुणाच्याच ओंजळीने पाणी पीत नाही. चष्म्यावरून बघत म्हणाली, "आइडिया बुरा नहीं है. फिल्में मैं लाऊँगी, आप दोनों में से कोई नहीं. मंज़ूर?"

दळवी म्हणाले, "मी तर रोजच परीक्षा देतो. मंजूर."

घरी येऊन अंथरुणावर पडले ती चहापर्यंत उठले नाही. श.ने चहा केला. साखर विसरला, प्यायले.

२५ डिसें., सोम

सेंटर बंद. सावंत मुलांना घेऊन काल उत्तनला नाताळचे गोठे बघायला गेला होता. चर्चबाहेर रेजिना भेटली म्हणे. केक दिला. ताट डाव्या हातात होतं, उजवा पदराखाली. तुमच्याबद्दल काही बोलली नाही मॅडम, असं सावंतने न विचारता सांगितलं.

म्हणजे दुखतंय अजून. मोडलेलं नाही आणि दुखतंय. मग काय आहे तिथे?

जानेवारी ८, सोम

जुनी पुस्तकं काढली. मनगटात आठ हाडं, त्यांना बांधणाऱ्या दोऱ्या एक्स-रेत दिसतच नाहीत. मी गेले दोन महिने एका हाडाशी भांडतेय. दोरी तुटली असेल तर? साध्या फिल्मला दोरी दिसत नाही. दोन हाडं एकमेकांपासून सरकली तरच कळतं, आणि तीही हात मोकळा सोडला की कधी कधी सरकत नाहीत.

तिला निरोप पाठवावा का? कुठल्या तोंडाने. तरी पाठवला, सावंतबरोबर. उत्तर नाही.

२१ जाने., रवि

परीक्षा झाली.

नफीसाने फिल्म तिच्या नात्यातल्या एका डॉक्टरकडून शहरातल्या हॉस्पिटलातून आणल्या होत्या. सगळ्या पहिल्या दिवशीच्या, पण पुढे त्या माणसांचं काय निघालं ते तिला माहीत. नावांवर काळी पट्टी. एकेक फिल्म लावायची, सगळ्यांनी चिठोऱ्यावर लिहायचं, मोडलंय, नाही, संशय. बोलायचं नाही. कुणी समोशाला हात लावला नाही.

नफीसाने निकाल वाचला. दळवी आणि मी जवळपास बरोबरीत. फक्त चुका उलट्या. धडधाकट हाडं मी मोडली, मोडलेली त्यांनी धडधाकट केली.

मला वाटलं संपलं. पण नफीसा बसली नाही. "एक और बात. कुछ फिल्में मैंने दो बार लगाई थीं. किसी को पता चला?"

कुणालाच कळलं नव्हतं. तिने माझे चिठोरे वर धरले. तीच फिल्म, आधी मी 'संशय' लिहिलं, अर्ध्या तासाने 'नॉर्मल'. दळवींचं आधी 'नॉर्मल', मग 'मोडलंय'. बाकीच्यांचंही असंच. मान खाली घालावीशी वाटली. नाही घातली.

एक फिल्म अशी होती की सगळ्या हॉलने 'नॉर्मल' लिहिलं होतं. मीपण. संशयसुद्धा नाही. नफीसा म्हणाली, त्या माणसाचं स्कॅफॉइड मोडलेलं होतं. कुणी सांगितलं नाही, तो काम करत राहिला. हाड मेलं. आता त्याला पेन धरता येत नाही.

मग मीच बोलले. "म्हणून मी संशय लिहिते. मला नीट दिसतं म्हणून नाही. कुणालाच पुरतं दिसत नाही म्हणून."

दळवी म्हणाले, "आणि म्हणून मी फिल्म सोडून पेशंटचा चेहरा बघतो."

यालाही टाळी पडली असती, पण टाळी वाजवण्याचा मूड कुणाचा नव्हता. कुणाच्या तरी बायकोने पाठवलेला तिळगूळ फिरला. दळवींनी मला दिला, मी त्यांना. गोड बोला असं दोघंही म्हणालो नाही.

दळवी खाली गाड्यांपाशी थांबले होते.

"तुम्ही पुन्हा असंच लिहिणार?"

"हो."

"लिहा. पण माझ्या पेशंटला परस्पर चिठ्ठी देऊ नका."

"देईन सर. पण आधी तुम्हाला फोन करून."

हसले की खोकले, कळलं नाही.

२४ जाने., बुध

दळवींचा एक पेशंट आला. घोटा. काचेसारखा स्वच्छ तुटलेला, वाद घालायला जागाच नाही. मुद्दाम असाच पाठवला असणार.

२९ जाने., सोम

रेजिना आली. कुणाची चिठ्ठी नाही, निरोपाचा उल्लेख नाही. बसली आणि हात टेबलावर ठेवला, गहाण टाकल्यासारखा. धुणं पिळता येत नाही. परवा बाजारात टोपली उचलताना आतून कट् झालं, टोपली हातातून गेली, सुरमई रस्त्यावर. बायका हसल्या.

तपासू दिला आज. मनगटाच्या पाठीवर मध्यावर दाबलं की कळ. हात मोकळा ठेवून फिल्म काढली, जशीच्या तशी नॉर्मल. मग म्हटलं, मूठ आवळा. घट्ट. कुणावर तरी राग असल्यासारखी.

"तुमच्यावर हाय ना."

"मग माझ्यावर आवळा."

आवळली. त्या फिल्ममध्ये स्कॅफॉइड आणि शेजारचं चंद्रकोरीसारखं हाड, दोघांच्या मध्ये फट. क्षणभर आनंद झाला, लाज वाटावी इतका. मग डाव्या हाताची तशीच मूठ आवळायला लावून फिल्म काढली. तिथेही फट. जराशी कमी. काही माणसांची ठेवणच तशी असते.

जराशी कमी म्हणजे किती कमी? मोजपट्टी लावली, सावंतला लावायला लावली. तो वेगळं सांगतो, मी वेगळं.

रेजिना म्हणाली, "म्हंजे आता बी तुमाला ठाऊक न्हाय."

"नाही."

"मंग कोनाला ठाऊक?"

सांगितलं. शहरात नुसत्या हाताचे सर्जन आहेत, एक मोठं मशीन आहे ज्यात दोरीसुद्धा दिसते. बहुतेक वेळा दिसते. तिथे जा. चिठ्ठी लिहायला पेन उचललं तर तिने हात आडवा घातला.

"तुमच्या एकटीच्या बोलन्यावर आता मी न्हाय जानार. त्या डाक्टरला विचारा. दोघं बोला, मंग मी जाते."

बरोबर आहे तिचं. एकदा माझ्या शब्दावर हात दिला होता.

३० जाने., मंगळ

फिल्म घेऊन दळवींच्या दवाखान्यात गेले. बाहेर पेशंट ताटकळलेले, तरी आत बोलावलं. मुठीच्या दोन्ही फिल्म लावल्या. बराच वेळ बघत होते. मग स्वतःच्याच दोन्ही मुठी आवळून त्यांच्याकडे बघितलं.

"फट आहे."

"डाव्या हातालाही आहे, सर."

"उजव्याला जास्त आहे. दोरी तुटलीय. बघताच कळतंय."

"मला खात्री नाही."

चष्मा काढला. "आता तुम्हाला खात्री नाही? अडीच महिने माझं डोकं खाल्लंत."

"तेव्हाही खात्री नव्हती. तेच तर सांगत होते."

यावर अर्धा तास भांडलो. कम्पाउंडर दोनदा डोकावून गेला. शेवटी त्यांनीच हाताच्या सर्जनला फोन लावला, त्यांच्या ओळखीचा निघाला. मला म्हणाले, एकच पत्र लिहू, दोघांच्या सहीचं. मी म्हटलं एकच कसं, आपलं म्हणणं वेगळं आहे. त्यांनी त्यांचं लिहिलं, दोन ओळी. मी माझं. पानभर.

दवाखान्यातून निघताना म्हणाले, "त्या दिवशी रेघ नव्हती, पण बाईला काहीतरी झालं होतं. एवढं मी मान्य करतो. क्रेप बँडेजचं ते काम नव्हतं."

"आणि रेघ माझ्या डोळ्यात होती. तेवढं मी मान्य करते. लिहिणं मात्र मागे घेत नाही."

"घेऊ नका. कुणी मागितलंय."

३ फेब्रुवारी, शनि

रेजिना आज सासूला घेऊन आली. म्हणजे सासू तिला घेऊन आली. म्हातारीला विचारायचं होतं की यंत्रात घातल्यावर हात भाजतो का. नाही म्हटलं. मग ऑपरेशन लागेल का? दोरी तुटली असेल तर लागेल कदाचित, आणि आता उशीरही झालाय थोडा. हे सांगणं टाळता आलं असतं. नाही टाळलं.

रेजिना खिडकीतून बाहेर बघत ऐकत होती. म्हणाली, "काय बी निघूंदे. कापाचा का न्हाय ता मी ठरवीन. तुमी न्हाय, ते बी न्हाय, ही बी न्हाय." शेवटचं सासूकडे बोट करून. म्हातारी हसली. पुढचे दात नाहीत.

श.ला सांगितलं. तो म्हणाला, क्लेम कुठल्या कॅटेगरीत टाकायचा हा? मग जरा वेळाने स्वतःच म्हणाला, प्रलंबित.

९ फेब्रु., शुक्र

दुपारी रेजिनाचा फोन, शहरातून, रस्त्यावरच्या बूथवरून. मागे हॉर्न.

मशीनमधून बाहेर आली. आत भट्टीसारखा आवाज होता, पण भाजलं नाही, सासूला सांगा म्हणाली. सर्जनने आमची दोन्ही पत्रं वाचली.

"मग?"

"हसला. म्हनला, तुमचे डाक्टर एकमेकांशी बोलतात का न्हाय? मी बोलले, बोलतात. भांडतात बी."

"हात बघितला का?"

"बघला. दाबला. मूठ आवलाला लावली. तुमच्यावानीच."

"काय म्हणाला?"

"कायच न्हाय. कागद सोमवारी मिलेल, तवा सांगीन म्हनला." नाणं पडल्याचा आवाज. "मॅडम, सोमवारी तुमी दोघं बी या. कोन खरा ता मना तुमच्या तोंडावर बघाचा हाय."

मी म्हटलं, कदाचित दोघंही खोटे निघू. ती म्हणाली, चालल, पन या.

सावंतला सांगितलं, सोमवारी सेंटर बंद. तो आधीच पाटी पुसत होता. दळवींना फोन लावला. म्हणाले, सोमवारी माझी ओपीडी असते, तुम्हाला माहितीये. माहितीये म्हटलं. पलीकडे कागद उलटल्याचा आवाज.

मग म्हणाले, "किती वाजता?"